युरोपचे एकच सैन्य आणि तरुणांच्या लष्करी नोकऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर चढाई केली आणि युरोपातला जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला: सगळ्यांचे मिळून एक सैन्य असावे का? त्याच सुमारास एकामागून एक देशांनी तरुणांना पुन्हा लष्कराकडे बोलवायला सुरुवात केली. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून दोन्हींची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. माहिती २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची आहे. भरतीचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या देशाच्या भरती कार्यालयाकडून खात्री करून घ्या.

युरोपचे स्वतःचे सैन्य आज आहे का?

नाही. युरोपियन युनियनमध्ये २७ देश आहेत आणि प्रत्येकाचे सैन्य वेगळे आहे. युनियनच्या नावाने शपथ घेतलेला एकही सैनिक नाही. युनियनच्या नावाने चालतात त्या मोहिमा. बोस्नियातली 'अल्थिया' डिसेंबर २००४ पासून चालू आहे, सोमालियाच्या किनाऱ्यावर चाचेगिरीविरुद्धची 'अटालांटा' २००८ पासून, आणि तांबड्या समुद्रातली 'अस्पिडेस' फेब्रुवारी २०२४ पासून. या मोहिमांसाठी देश आपापल्या तुकड्या नि जहाजे काही महिने उसनी देतात. दंडावर निळा बिल्ला लागतो, पण पगार, बढती, शिस्तीचा कायदा, जखमी झाल्यास उपचार आणि पेन्शन हे सगळे ज्याच्या त्याच्या देशाकडेच राहते.

नाटो असताना वेगळे सैन्य कशाला?

२७ पैकी २३ देश नाटो या अमेरिकेसह असलेल्या लष्करी युतीत आहेत. आयर्लंड, ऑस्ट्रिया, माल्टा आणि सायप्रस हे चार बाहेर. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये आत आले. नाटोकडेही मोठी खडी फौज नाही. तिच्याकडे आहे ती हुकूम देण्याची तयार साखळी, आणि त्या साखळीच्या टोकाला, युरोपातल्या सर्वोच्च सेनापतीच्या जागी, सुरुवातीपासून अमेरिकन अधिकारीच बसत आला आहे.

खरी काळजी आहे ती अमेरिका पुरवते त्या गोष्टींची: उपग्रहांवरून टेहळणी, विमानांना हवेतच इंधन भरणे, अवजड सामानाची लांबची वाहतूक, क्षेपणास्त्रांपासून बचाव. पायदळ युरोपकडे पुरेसे आहे. गणवेशातली माणसे दहा लाखांहून जास्त आहेत, आणि २०२४ मध्ये युनियनच्या देशांनी संरक्षणावर मिळून सुमारे ३४३ अब्ज युरो खर्च केले. अमेरिकेने हात आखडता घेतला तर या पायदळाचे डोळे-कान कोण होणार, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नव्या झेंड्याने मिळत नाही.

असा प्रयत्न पूर्वी झाला होता का?

झाला होता, आणि अगदी उंबरठ्यापर्यंत गेला होता. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर पश्चिम जर्मनीच्या हाती पुन्हा शस्त्रे द्यावीत असे अमेरिकेला वाटू लागले. फ्रान्सला याची धास्ती होती. तेव्हा फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये तोड सुचवली: जर्मन सैनिक असू देत, पण ते युरोपीय सैन्यात, स्वतंत्र जर्मन सैन्यात नकोत. २७ मे १९५२ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. एक गणवेश, एक तिजोरी, सामाईक मुख्यालय असा सगळा आराखडा तयार होता. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तो मोडीत काढला. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत गेला आणि त्याचे स्वतंत्र सैन्य उभे राहिले. म्हणजे जे टाळण्यासाठी करार केला, तेच झाले.

मग आज घोडे पेंड कुठे खाते?

'निघा' हा हुकूम कोण देणार, इथे. बाकीच्या अडचणी पैशाने आणि वेळेने सुटतील, ही एक सुटत नाही.

युनियनच्या करारातल्या ४२ व्या कलमानुसार लष्करी निर्णयाला सर्वांची संमती लागते. २७ पैकी एकाने नकार दिला की विषय संपला. सामाईक संरक्षणाची वाट त्याच कलमात मोकळी ठेवली आहे, पण तिथेही एकमत हवे आणि शिवाय प्रत्येक देशाच्या राज्यघटनेची मंजुरी हवी. जर्मनीत सशस्त्र सैनिक परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर बुंडेस्टाग या संसदेचा ठराव लागतो. १९९४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे ठरवून दिले. ऑस्ट्रिया तटस्थ, आयर्लंडही तटस्थ. अण्वस्त्रे एकट्या फ्रान्सकडे, आणि त्यांची चावी दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याची त्याची तयारी नाही.

याचा परिणाम पाहायचा असेल तर 'बॅटलग्रुप' पाहा. जानेवारी २००७ पासून सुमारे १५०० सैनिकांचे असे दोन गट आळीपाळीने सहा-सहा महिने सज्ज ठेवायचे ठरले. निर्णय झाल्यापासून दहा दिवसांत पोचायचे, तिथे ३० दिवस आणि रसद मिळाली तर १२० दिवस टिकायचे. कागदावर योजना चोख होती. पण हे गट आजतागायत एकदाही मोहिमेवर गेलेले नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत तातडीने फौज हवी होती तेव्हाही फ्रान्स एकटाच गेला. कारणे दोन. एक म्हणजे एकमत. दुसरे म्हणजे ज्याची पाळी त्याच्याच माथी बहुतेक खर्च, कारण करारातल्या ४१ व्या कलमानुसार लष्करी मोहिमेचा खर्च युनियनच्या अर्थसंकल्पातून करता येत नाही. पाळी असलेल्या देशाच्या अर्थमंत्र्याने हात वर केले की सज्ज गट छावणीतच बसतो. आता ५००० सैनिकांच्या नव्या तातडीच्या दलाची आखणी झाली आहे. आकडा वाढला तरी हुकमाची साखळी जुनीच आहे.

एका देशावर हल्ला झाला तर बाकीचे बांधील नाहीत का?

आहेत. ४२ व्या कलमाचे सातवे पोटकलम सांगते की शक्य ती सर्व मदत करावी. आजवर ते एकदाच वापरले गेले: पॅरिसमधल्या नोव्हेंबर २०१५ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर फ्रान्सने. मदत कोणत्या प्रकारची, हे मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

शस्त्रे वेगवेगळी असल्याने नेमके काय बिघडते?

युरोपियन कमिशनने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार युरोपात १७ प्रकारचे मुख्य रणगाडे होते, अमेरिकेत एक. १७ प्रकार म्हणजे सुट्या भागांची १७ गोदामे, मेकॅनिकचे १७ कोर्स आणि दुरुस्तीची १७ पुस्तके. शेजारच्या तुकडीचा रणगाडा बंद पडला तर आपल्याकडचा पट्टा त्याला बसत नाही.

तोफगोळ्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. नाटोच्या तोफांचा व्यास १५५ मिलिमीटर ठरलेला आहे, म्हणून कोणताही गोळा कोणत्याही तोफेत चालावा असे वाटते. आत जातोही. पण एक गोळीबार म्हणजे गोळा, फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) आणि मागची दारू असे वेगवेगळे भाग. ही जुळणी त्या तोफेसाठी तपासलेली नसेल तर गोळा नेमका कुठे पडेल याचा हिशोब संगणकात नसतो, आणि त्या जुळणीला सुरक्षिततेचा दाखलाही नसतो. युक्रेनला मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे देण्याचा शब्द युनियनने दिला होता. ती मुदत हुकली.

तिसरी अडचण रस्त्यांची. लेपर्ड २ रणगाड्याचे वजन ६० टनांच्या पुढे. तो ट्रेलरवर चढवला की एकूण भार शंभर टनांच्या आसपास जातो, आणि वाटेतल्या प्रत्येक पुलाची क्षमता पाहावी लागते. २०२२ मध्ये फ्रान्सचे लक्लेर रणगाडे रोमानियाला निघाले, तेव्हा ट्रेलरचा भार जर्मनीच्या नियमात बसला नाही आणि ते रेल्वेने न्यावे लागले. रेल्वेचेही एकसारखे नाही. बहुतेक युरोपात रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, तर एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियात रशियन काळापासून १५२० मिलिमीटर. ज्या सीमेवर धोका सर्वांत जास्त, तिथेच सामान एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागते. 'रेल बाल्टिका' हा नवा मार्ग याचसाठी बांधला जात आहे. याशिवाय सीमा ओलांडण्याच्या परवानग्या आहेतच: धोकादायक माल, जादा रुंदी, जकात, प्रत्येकाचा वेगळा अर्ज.

एकत्र येणे खरोखर जमले आहे, असे कुठे?

उत्तर जर्मनीत, बेर्गन-लोहाइडच्या छावणीत. तिथली ४१४ क्रमांकाची रणगाडा बटालियन जर्मन आणि डच सैनिकांची मिळून आहे. नेदरलँड्सने काटकसरीपायी २०११ मध्ये आपले सगळे रणगाडे मोडीत काढायचे ठरवले. रणगाडा चालवणे, त्यातून नेम धरणे हे कसब मात्र दहा वर्षे बाजूला ठेवून पुन्हा उचलता येत नाही. शिकवणारे उस्ताद निवृत्त होतात आणि विद्या त्यांच्याबरोबर जाते. म्हणून डचांनी जर्मनीकडून १८ लेपर्ड २ भाड्याने घेतले आणि या बटालियनमध्ये आपली एक कंपनी, म्हणजे लहान तुकडी, बसवली. बटालियन डचांच्या ४३ व्या ब्रिगेडखाली, आणि ती ब्रिगेड जर्मनीच्या पहिल्या रणगाडा डिव्हिजनखाली. २०२३ पर्यंत डचांच्या तिन्ही ब्रिगेड जर्मन डिव्हिजनांना जोडल्या गेल्या.

तरी ही बटालियन लढाईवर निघायची तर दोन राजधान्यांचा होकार हवा. जर्मन सैनिकांसाठी बुंडेस्टागचा ठराव, डचांसाठी त्यांच्या सरकारचा निर्णय आणि संसदेला घटनेच्या १०० व्या कलमाखालचे पत्र. पगार आणि रजेचे नियमही दोन. रोजच्या सरावात याचा अडथळा होत नाही, कारण माणसे एकमेकांना ओळखतात. आज नेदरलँड्स पुन्हा स्वतःची रणगाडा बटालियन उभारतो आहे आणि ४६ नवे लेपर्ड मागवतो आहे. मधली वर्षे हे कसब जिवंत राहिले, म्हणून हे शक्य झाले.

दुसरे उदाहरण आइंडहोव्हनचे. तिथल्या हवाई वाहतूक कमांडमधून २०१० पासून वाहतुकीच्या विमानांचे सामाईक नियोजन होते. सध्या सात देश त्यात आहेत. बेल्जियमचे सामान इटलीच्या रिकाम्या परतणाऱ्या विमानातून येऊ शकते. गरज पडली की देश आपले विमान मागे घेऊ शकतो, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या नौदलांचे मुख्यालय तर डेन हेल्डर इथे कित्येक वर्षे एकच आहे.

मराठी सैनिकही युरोपात अशा मिश्र फौजेत लढले होते ना?

हो, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. शिपाई नामदेव जाधव यांना तोच सन्मान सेनियो नदीकाठच्या एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी मिळाला. हे दोघे ज्या ब्रिटिश आठव्या आर्मीत लढले, तिच्यात ब्रिटिश, भारतीय, पोलिश, न्यूझीलंडचे, कॅनडाचे असे सगळे होते. इतक्या भाषांची फौज चालली, कारण हुकूम एकाच ठिकाणाहून येत होता. पण तो हुकूम साम्राज्याचा होता. माणगावच्या माणसाला त्या युद्धात जायचे की नाही, हे भारतातल्या कुठल्याही निवडून आलेल्या सभेने ठरवले नव्हते. स्वतंत्र लोकशाही देशांना तो मार्ग बंद आहे, आणि तो बंदच असला पाहिजे.

मग एकच सैन्य असावे की नसावे?

आमचे मत स्पष्ट आहे: आज सगळ्यांचे एक सैन्य उभारू नये. ज्याच्या मुलांना मरणाच्या दारी पाठवायचे, त्याला जाब विचारता येईल असा मतदारांनी निवडलेला एक माणूस किंवा एक सभा हवी. युनियनकडे अजून ती नाही. सामाईक सैन्य आधी आणि जबाबदार सरकार मागाहून, हा क्रम उलटा आहे. १९५४ मध्ये फ्रान्सच्या संसदेत जो विरोध उसळला, त्यात हाही प्रश्न होता.

सामाईक करायच्या गोष्टी मात्र भरपूर आहेत, आणि त्या लगेच कराव्यात: दारूगोळ्याची एकत्र खरेदी, हवेत इंधन भरणारी विमाने, उपग्रह, पूल आणि रेल्वे, जखमींना हलवण्याची व्यवस्था. मे २०२५ मध्ये मंजूर झालेली १५० अब्ज युरोंची 'सेफ' कर्जयोजना याच वाटेने जाते. त्यानंतर ४१४ सारख्या दोन-दोन, तीन-तीन देशांच्या तुकड्या, शेजाऱ्यांनी आपखुशीने बांधलेल्या.

तरुणाला थेट 'युरोपच्या सैन्यात' भरती होता येते का?

नाही. तशी जाहिरात दिसली तर ती फसवी समजा. वाट अशी असते: आधी स्वतःच्या देशाच्या सैन्यात भरती, तिथे काही वर्षे नोकरी, मग स्ट्रासबर्गच्या युरोकॉर्प्स या अनेक देशांच्या सामाईक मुख्यालयात किंवा म्युन्स्टरच्या जर्मन-डच कॉर्प्समध्ये दोन-तीन वर्षांची नेमणूक. अशा नेमणुकीसाठी इंग्रजीची नाटो पद्धतीची परीक्षा महत्त्वाची. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे या चारही बाबींत वेगवेगळी श्रेणी मिळते, आणि मुख्यालयातल्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी बहुधा तिसरी श्रेणी मागतात. चांगले बोलणारे अनेक जण लेखनात अडकतात, कारण तिथे लष्करी टिपण आणि आदेश नेमक्या शब्दांत लिहावे लागतात.

अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी २००८ पासून देशादेशांच्या लष्करी अकादम्यांमध्ये विद्यार्थ्यांची देवाणघेवाण चालते. तिचे श्रेयांक पदवीत धरले जातात.

कोणत्या देशांत लष्करी सेवा सक्तीची आहे?

फिनलंडमध्ये पुरुषांना १६५, २५५ किंवा ३४७ दिवस. ऑस्ट्रियात सहा महिने. तिथल्या जनतेने २०१३ च्या सार्वमतात सक्ती कायम ठेवली. लिथुआनियाने २०१५ मध्ये, स्वीडनने २०१७ मध्ये, लाटव्हियाने २०२३ मध्ये ती पुन्हा आणली. क्रोएशियात २०२६ पासून दोन महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण सुरू झाले. ग्रीस, सायप्रस आणि एस्टोनिया यांनी सक्ती कधी सोडलीच नाही.

फ्रान्स, बेल्जियम, पोलंड यांनी ऐच्छिक वाट धरली आहे. फ्रान्सची योजना दहा महिन्यांची, २०२६ च्या उन्हाळ्यापासून आणि सुरुवातीला ३००० जागांची. पोलंडमध्ये २८ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आणि त्यापुढे हवे तर अकरा महिन्यांपर्यंत विशेष प्रशिक्षण.

मुलींना?

स्वीडनमध्ये मुलामुलींना एकच नियम. डेन्मार्कमध्ये १ जुलै २०२५ नंतर १८ वर्षांच्या होणाऱ्या मुलीही सक्तीच्या यादीत आल्या. फिनलंड आणि जर्मनीत मुलींसाठी सेवा ऐच्छिक आहे.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या मुलाला लष्कराचे पत्र येईल का?

पासपोर्ट पाहा. जर्मनीने सक्ती २०११ मध्ये स्थगित केली. डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन नागरिकांना अठराव्या वर्षी प्रश्नावली येते: तब्येत, शिक्षण, सेवेत यायची इच्छा. मुलांनी ती भरून देणे बंधनकारक, मुलींनी हवी तर भरावी. वैद्यकीय तपासणीही मुलांना टप्प्याटप्प्याने सक्तीची होत आहे. प्रत्यक्ष भरती अजून ऐच्छिक आहे, पगार महिन्याला सुमारे २६०० युरो, करकपातीपूर्वी. पुरेसे लोक आले नाहीत तर सक्ती आणण्यासाठी बुंडेस्टागला वेगळा कायदा करावा लागेल. शस्त्र हाती घ्यायला सदसद्विवेकाने नकार देण्याचा हक्क जर्मन घटनेच्या चौथ्या कलमात आहे.

मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल तर हे पत्र येत नाही. जन्माने किंवा अर्जाने तो जर्मन नागरिक झाला असेल तर येते, घरात मराठी बोलत असले तरी आणि परदेशस्थ भारतीयांचे ओसीआय कार्ड असले तरी. पत्र आले म्हणजे बोलावणे आले असे समजून घाबरू नका, पण ते फेकूनही देऊ नका.

करार करताना काय पाहावे? लोक मधेच का सोडतात?

जर्मन सैन्यात नव्याने आलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा सुरुवातीच्या सहा महिन्यांतच निघून जातो. या काळात नोकरी सहज सोडता येते. घरापासून लांब नेमणूक मिळाली, हवी ती शाखा मिळाली नाही, प्रशिक्षणाऐवजी नुसते बसून राहावे लागले, ही त्यामागची नेहमीची कारणे. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: कोणती शाखा, कोणते गाव, कोणता कोर्स कधी. भरती अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला करारात जागा नसते.

मुदतही नीट मोजा. जर्मनीत विद्यापीठाच्या शिक्षणासह अधिकारी व्हायचे तर साधारण १३ वर्षांचा करार असतो. पदवी लष्कराच्या म्युनिक किंवा हॅम्बुर्गच्या विद्यापीठात मिळते. मध्येच सोडले तर शिक्षणाचा खर्च परत मागितला जाऊ शकतो. जितकी सेवा लांब, तितका पुढच्या नागरी शिक्षणाचा पाठिंबा जास्त. फ्रान्समध्ये साध्या सैनिकाला लगेच पेन्शन मिळायला १७ वर्षांची सेवा लागते. सेवेच्या सोळाव्या वर्षी कंटाळून बाहेर पडणाऱ्याला पेन्शनसाठी म्हातारपणापर्यंत थांबावे लागते.

भारतीय नागरिकाला युरोपातल्या सैन्यात जाता येते का?

बहुतेक देशांत नाही. जर्मनी जर्मन नागरिकच घेते. स्पेन काही जुन्या वसाहतींतल्या लोकांना घेते, त्यात भारत नाही. ब्रिटिश सैन्य राष्ट्रकुलातल्या नागरिकांचे अर्ज घेते, पण ब्रिटन युनियनबाहेर आहे.

उरते फ्रान्सची फॉरेन लीजन, म्हणजे परदेशी लोकांना घेणारे फ्रेंच सैन्याचे दल. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, पहिला करार पाच वर्षांचा, राष्ट्रीयत्व कोणतेही. भरती फक्त फ्रान्समध्ये, ओबान्य किंवा पॅरिसजवळच्या फोर द नोजाँ इथे, आणि उमेदवाराने स्वतः जाऊन उभे राहायचे. तिकीट आणि व्हिसा यांत लीजन मदत करत नाही. अर्जाला शुल्क नाही. वैद्यकीय तपासणी, बुद्धिमापन, धावणे आणि पुल-अप, मग पूर्वायुष्याची कसून चौकशी. खराब दात, जुनी गुडघेदुखी किंवा लपवलेला पोलीस गुन्हा यावर अनेक जण परत जातात. निवड झाल्यास कास्तेलनोदारीला चार महिन्यांचे प्रशिक्षण. फ्रेंच आली नाही तरी चालते, तिथे शिकवतात. तीन वर्षांनी फ्रेंच नागरिकत्व मागता येते, पण ते मिळाले की १९५५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व संपते.

एजंटाला पैसे देऊ नका. लीजनमध्ये कुणाचीही शिफारस चालत नाही. 'मदतनीसाची नोकरी' सांगून रशियात नेलेल्या भारतीय तरुणांना थेट आघाडीवर धाडल्याची आणि त्यातले काही मारले गेल्याची गोष्ट आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने मान्य केली आहे. परदेशातल्या कोणत्याही 'सुरक्षा' नोकरीचा करार समजत नसलेल्या भाषेत असेल तर सही करण्यापूर्वी त्याचे भाषांतर करून घ्या, पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती देऊ नका, आणि भारतीय दूतावासाचा क्रमांक घरच्यांकडे लिहून ठेवा.